रेघ उतरते, पण चढत नाही

माझा मेहुणा एकवीस वर्षं भर दिवसा अंधारात बसून होता आणि त्याबद्दल त्याला दरमहा पगार मिळत होता. हे वाक्य मी कुठेही टाकलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या बायकोकडे. तिला ते आवडत नाही. तिचा तो धाकटा भाऊ. म्हणून सगळं नीट सांगून टाकतो, नाहीतर आज मला जेवायला उशीर होईल.

तो डोळ्यांच्या दवाखान्यात होता. दवाखाना तीन मजली. खाली चष्म्याचे नंबर, मधे शस्त्रक्रिया, आणि सगळ्यात वर, जिना संपतो तिथे, पाण्याच्या टाकीला चिकटून ह्याची खोली. खिडकी विटांनी बुजवलेली. दाराला काळा पडदा, त्याच्यामागे दुसरा काळा पडदा, आणि दाराखालच्या फटीत गुंडाळलेला जुना टॉवेल. सकाळी अकरा वाजता आत गेलं की स्वतःचा हात शोधावा लागे. त्या खोलीत तो माणसांच्या डोळ्यांतली वीज मोजायचा.

डोळ्यांत वीज असते हे मला साठी उलटल्यावर कळलं. आमच्या गावच्या शाळेत गुरुजींनी एकदा फळ्यावर डोळा काढला होता, तो हुबेहूब कांद्यासारखा आला. डोळ्यांतून पाणी का येतं ते आम्हाला न शिकवताच समजलं. विजेबद्दल गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांचाही दोष नाही, वीज तेव्हा गावातच आली नव्हती, डोळ्यांत कुठून येणार?

मेहुण्याला सगळे खरखरमामा म्हणत. लहानपणापासून रेडिओच्या खरखरीला कान लावून बसायचा. गाणं लागलं की उठून जायचा! पुढे बाजाराच्या गल्लीत त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. दुकान म्हणजे एक टेबल आणि त्याच्यामागे हा. पंधरा वर्षं बरं चाललं, मग लोकांनी रेडिओ आणणं सोडलं. तेवढ्यात दवाखान्यात ते डोळ्यांच्या विजेचं यंत्र आलं आणि त्यात अशी खरखर यायला लागली की बसवणारे इंजिनियर दोनदा येऊन हात टेकून गेले. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांचा रेडिओ ह्याच्याकडे असायचा. त्यांनी ह्याला बोलावलं. हा यंत्राला हातही न लावता तासभर खोलीत बसून राहिला. मग म्हणाला, "टाकीचा पंप सुरू झाला की तुमची रेघ थरथरते. पंपाची वेळ बदला." वेळ बदलली, खरखर गेली, आणि ह्याची नेमणूक झाली.

कामाची रीत अशी. रोग्याच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालून बाहुल्या मोठ्या करायच्या. मग अर्धा तास त्याला मिट्ट काळोखात बसवायचं. डोळ्यात दोन प्रकारच्या पेशी असतात, एक दिवसपाळीच्या आणि एक रात्रपाळीच्या. रात्रपाळीला कामावर हजर व्हायला अर्धा तास लागतो. मधे कोणी दार उघडलं की ती मंडळी परत घरी, आणि अर्धा तास पहिल्यापासून. नंतर एका मंद लाल दिव्यात, जो रात्रपाळीला जाणवत नाही, खालच्या पापणीच्या आत केसाहून बारीक धागा ठेवायचा, कपाळाला चकत्या चिकटवायच्या, आणि रोग्याचं डोकं एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यात घालायचं. वाडग्यात क्षणभर उजेड चमकतो आणि कागदावर रेघ उमटते.

ती रेघ मला खरखरमामाने इतक्यांदा समजावली की झोपेतही काढून दाखवीन. डोळ्याच्या मागे पडदा असतो, त्यात पेशींच्या रांगा. उजेड पहिल्या रांगेवर आदळला की रेघ खाली उतरते. पहिली रांग दुसरीला निरोप देते, आणि दुसरी जागी झाली की रेघ सरसर वर चढते, उतरली होती त्याच्या दुप्पट. चढताना मधे करवतीसारखे बारीक दाते दिसतात, ती आडव्या बसलेल्या तिसऱ्या पेशींची कुजबुज.

"रेडिओच आहे भाऊजी," तो म्हणायचा. "एक टप्पा पकडतो, दुसरा वाढवतो. फक्त ह्याला झाकण नाही, उघडून बघता येत नाही."

आणि एक खोड. रेघ वाकडी आली की हा कधी रोग्याला दोष देत नसे. आधी स्वतःच्या वायरी तपासायचा. दुकानात गिऱ्हाईक म्हणायचं, "सेट बिघडलाय", आणि निघायची भिंतीवरची पिन सैल. पंधरा वर्षांत ते त्याच्या हाडात भिनलं होतं. बहुतेक वेळा त्याचंच बरोबर निघे. एकदा मात्र ह्या खोडीपायी एका सज्जन माणसाची अब्रू जायची वेळ आली.

तो सिनेमा थिएटरात होता. वीस वर्षं तिकिटाच्या खिडकीत. बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा, पण सुट्टे पैसे द्यायला कधी चुकला नाही. मग थिएटरच्या मालकाचा जावई रिकामा झाला आणि त्याला खिडकी दिली गेली. ह्याला आत टाकलं, डोअरकीपर म्हणून. तिकीट बघायचं आणि अंधारात लोकांना खुर्चीवर नेऊन बसवायचं. हातात बॅटरी, पण मालकाची सक्त ताकीद, उजेड फक्त जमिनीवर, लोकांच्या तोंडावर गेला तर खबरदार.

दोन महिन्यांत त्याने जे बसवलं ते ऐका. एका वकिलाला एका मुख्याध्यापिकेच्या मांडीवर बसवलं. एका नव्या जोडप्याच्या मधे नवरीच्या सासूला बसवलं, ते तिला फार आवडलं, बाकी कोणाला नाही. स्वतः तीनदा पायऱ्यांवरून घरंगळला. एकदा खांबाला "जरा सरकून घ्या साहेब" म्हणाला, दोन वेळा, आणि दुसऱ्यांदा आवाज चढवून.

मालकाने एकच निष्कर्ष काढला. तोंडाचा वास घेतला, लवंगेचा आला. ह्याची दाढ दुखत होती म्हणून लवंग. मालक म्हणाला, "वास मारायला लवंग चघळतोस होय?"

ह्या माणसाने उभ्या जन्मात थेंब घेतला नव्हता. त्याने बिचाऱ्याने डोळे दाखवले. दवाखान्यात नव्या आलेल्या डॉक्टरबाईंनी आत उजेड टाकून बघितलं, तर मागचा पडदा स्वच्छ, निरोगी. हे मालकाला कळलं आणि त्याचं फावलं. "डोळे चांगले आहेत ना? मग बाटलीच! शनिवारी नवा सिनेमा लागतोय. त्याच्या आत दवाखान्याचं काय ते लेखी आण, नाहीतर घरी बस." नोकरीचं तर होतंच, पण दारुडा म्हणून घरी बसायचं हे त्याच्या जिवाला लागलं. त्यात बायकोही दोन दिवस त्याच्या जवळून जाताना नाक वर करून जात होती.

डॉक्टरबाईंनी त्याला मंगळवारी वर पाठवला. खरखरमामाने थेंब घातले, अर्धा तास बसवला, धागा ठेवला, उजेड चमकवला. रेघ खाली उतरली. आणि खालीच राहिली. पुन्हा चमकवला. उतरली, चढलीच नाही. मंद उजेड टाकला तर रेघ पट्टीने ओढल्यासारखी सपाट.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, डोळ्यात दोष आहे. ह्याने कपाळावर हात मारला. "वाढवणारा टप्पा गेला यंत्राचा!" आणि त्या माणसाच्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं, 'यंत्र नादुरुस्त. पुन्हा यावे.'

तो कागद मालकाला दाखवायचा मूर्खपणा डोअरकीपरने केला. मालक इतका हसला की जावई खिडकी सोडून बघायला आला. "अरे, वासाने यंत्र आडवं झालं!" संध्याकाळपर्यंत हे थिएटरभर झालं. दुसऱ्या दिवशी चहावालाही त्याला विचारत होता, "यंत्र शुद्धीवर आलं का?"

बुधवारी सकाळी खरखरमामा आमच्या दारात. सगळ्या वायरी काढून नव्याने सोल्डर केल्या होत्या, बोटं भाजली होती.

"भाऊजी, तुमचा डोळा पाहिजे."

"कितव्या मजल्यावर आणून देऊ?"

"थट्टा नको. चांगला सेट जोडून बघायचाय. ताई, तूही चल."

आम्ही दोघं गेलो. लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर बायकोबरोबर अर्धा तास अंधारात गप्प बसायचं म्हणजे काय, ते मी इथे लिहीत नाही. तीही वाचते. माझी रेघ उतरली आणि झक्क चढली. मी खूश. मग तिची उतरली आणि माझ्याहून दोन बोटं वर गेली.

"बघितलंत?" ती म्हणाली. ते ती अजून म्हणते.

घरी येताना बाहुल्या ताटाएवढ्या झालेल्या. उन्हात काही सुधरेना. मी रस्त्यात एका पोस्टाच्या पेटीला नमस्कार केला आणि बायकोने त्या पेटीची माझ्या वतीने माफी मागितली, कारण तिलाही दिसत नव्हतं.

खरखरमामाची मात्र खात्री पटेना. आज चढली, काल का नाही? म्हणजे कुठेतरी सैल आहे, कधी लागतं, कधी सुटतं. गुरुवारी डॉक्टरबाई वर आल्या तेव्हा हा यंत्राच्या पोटात खांद्यापर्यंत शिरलेला. मीही तिथेच होतो. 'चांगला सेट' म्हणून मला पुन्हा बोलावलं होतं.

"मामा, यंत्र ठीक असेल. माणसाकडे बघा."

"बाई, माणूस काय पळून जातो? आधी आपलं घर तपासू."

"परवा शनिवार आहे मामा. तुमचं घर तपासून होईतो त्याचं घर बसेल."

हे त्याला लागलं. तो यंत्रातून बाहेर आला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "बोलवा त्याला. आधी भाऊजी, मग तो, मग पुन्हा भाऊजी. एकाच वायरीवर."

डोअरकीपर आला, बरोबर बायको. तिला बाहेर बाकावर बसवलं. आत आम्ही तिघं, दिवे बंद, कोपऱ्यात तो मंद लाल दिवा. वीसेक मिनिटं गेली. डोअरकीपर म्हणाला, "साहेब, ह्या काळोखात तुम्ही माझ्या डोळ्यात धागा कसा घालणार हो? कानात जाईल."

"दिसतंय मला," खरखरमामा म्हणाला.

"काय दिसतंय? तो लाल ठिपका मलाही दिसतो. त्याच्याशिवाय काय आहे इथे?"

मी म्हटलं, "का, मला तुमचा चष्मा दिसतोय. हात गुडघ्यावर ठेवलाय तुम्ही. आता काढलात."

तो हळू आवाजात म्हणाला, "थट्टा करता का आजोबा?"

"नाही हो. आता डोकं खाजवताय."

"म्हणजे... तुम्हाला अंधारात दिसतं?"

"थोडं थोडं. सगळ्यांनाच दिसतं."

"सगळ्यांना?" तो खुर्चीतून अर्धा उठला. "अहो, मला वाटायचं अंधार म्हणजे कोणालाच काही दिसत नाही! म्हणून तर त्याला अंधार म्हणतात! माणसं आपली अंदाजाने चालतात, माझा अंदाज कच्चा, एवढंच."

बाहेरून त्याच्या बायकोचा आवाज, "अहो, काय झालं? येऊ का आत?"

"दार उघडू नका!" आम्ही तिघंही ओरडलो. इतके की खालच्या मजल्यावरून शिपाई धावत आला आणि त्यालाही दाराबाहेर तेच ऐकायला लागलं.

मग रेघा काढल्या. माझी उतरली, चढली. त्याची उतरली, राहिली. माझी पुन्हा चढली. वायर तीच, वाडगा तोच. नंतर खोलीत उजेड करून भराभर चमकणारा दिवा त्याला दाखवला, सेकंदाला तीसदा; एवढ्या वेगाला फक्त दिवसपाळीच पुरते. तिथे त्याची रेघ बऱ्यापैकी टुणटुण उड्या मारत होती.

खरखरमामा तीन कागद मांडीवर घेऊन बसला. मग खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून माझ्यासमोर धरला.

"भाऊजी, मुका रेडिओ आला की आम्ही काय करतो? ह्याचं टोक एकेका टप्प्याला लावतो. जिथे घूं होतं तिथून भोंग्यापर्यंत सगळं ठीक, गप्प बसेल तो टप्पा गेला. इथे पहिला टप्पा बोलतोय, रेघ उतरते म्हणजे उजेड पकडतोय. पुढचा गप्प. पण गप्प माझा टप्पा नाही. ह्याचा आहे." आणि मान खाली घालून म्हणाला, "तीन दिवस मी ह्याचा निरोप माझ्या वायरीत शोधत होतो."

डॉक्टरबाईंनी पुढचं सांगितलं, डोअरकीपरच्या बायकोला आत बोलावून. पडद्याची पहिली रांग ठणठणीत, म्हणून बाहेरून सगळं स्वच्छ दिसतं. पण दुसऱ्या रांगेपर्यंत निरोप पोचत नाही. दिवसपाळीच्या पेशींना निरोप धाडायला दोन वाटा असतात, उजेड आला हे सांगणारी एक आणि उजेड गेला हे सांगणारी दुसरी. ह्यांची दुसरी शाबूत आहे, तिच्यावर दिवस निभावतो. रात्रपाळीची सगळी भिस्त पहिलीवर, आणि ती जन्मापासून बंद.

बायकोने हे सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे दिवे गेले की हे माझ्या पायावर पाय देतात, ते मुद्दाम नाही?"

"नाही."

"आणि मागच्या खोलीतल्या अंधारात शिडीला ओला टॉवेल वाळत घालायला दिला, मला समजून?"

"तेही नाही."

ती नवऱ्याकडे वळली. "अहो, मग सांगायचं नाही का?"

"मला तरी कुठे ठाऊक? मला वाटलं, तुलाही दिसत नाही, तू फक्त नशीबवान."

शुक्रवारी सकाळी आम्ही चौघं थिएटरात, खरखरमामा, मी आणि ते नवरा-बायको. आत झाडलोट चालू होती. मालकाने डॉक्टरबाईंचं पत्र वाचलं, रेघांचा कागद उलटा धरून बघितला, मग सुलटा.

"ही कसली रेघ? माझा नातू ह्याहून बरी काढतो. मंगळवारी यंत्र बंद, आज चालू. मला मूर्ख समजता?"

खरखरमामा पुढे झाला. "मंगळवारची चूक माझी. यंत्र चांगलं होतं, मी त्याच्यावर आळ घेतला. तुम्ही ह्यांच्यावर घेतलात. माझा मी मागे घेतलाय."

मालक गुरकावला. "कागद कोणीही रंगवेल."

"मग तुम्ही स्वतः बसून बघा. आत्ता. तीच खुर्ची."

"माझ्या डोळ्यांना काय झालंय?"

"काही नाही झालं, हेच बघायचंय."

मालक चुळबुळला. डोळ्यात धागा घालतात हे त्याला जावयाने सांगितलं होतं. डोअरकीपरच्या बायकोने अगदी नम्रपणे विचारलं, "मालक घाबरले की काय?" झाडणारी माणसं झाडायची थांबली. आता न जाऊन चालणार नव्हतं.

मालकाला दवाखान्यात वर नेऊन त्याच अंधारात बसवलं. पंचविसाव्या मिनिटाला त्याच्या खिशातला मोबाइल वाजला आणि खोली लखलखली. अर्धा तास पुन्हा. दुसऱ्या खेपेला त्याने स्वतःच विचारलं, "किती झाली मिनिटं?" आणि बघायला घड्याळाचा दिवा लावला. तिसऱ्या खेपेला खरखरमामाने घड्याळ, मोबाइल, अंगठीसुद्धा काढून घेतली. दीड तासाच्या काळोखानंतर मालक गोगलगायीसारखा मऊ झाला होता. उजेड चमकला, रेघ उतरली, आणि अशी चढली की कागदाची वरची कड थोडक्यात वाचली.

डॉक्टरबाईंनी दोन्ही कागद उजेडात शेजारी ठेवले. एक डोंगर, एक खड्डा. मालक दोन्हींवर वाकला. त्या खड्ड्यावर बोट ठेवून म्हणाला, "ह्याला इथून पुढे काहीच जात नाही?"

"अंधारात नाही."

"आणि मी ह्याला अंधारात उभा केला." तो पुटपुटला. मग एकदम डोअरकीपरकडे वळून, "लवंग कशाला चघळतोस?"

"दाढ, मालक."

"ती दाखव एकदा. तिथेही लेखी घेऊन ये." पण हे म्हणताना तो हसला.

शनिवारी नवा सिनेमा लागला. खेळाआधी मालकाने चहावाल्यासकट सगळ्यांना बाहेर उभं केलं आणि दोन्ही कागद हातात घेऊन सांगितलं, की हा माणूस पीत नाही, हा जन्मापासून असा आहे, आणि चूक माझी. असं मालकाच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. मग जरा घसा साफ करून त्याने स्वतःचा डोंगर सगळ्यांना पुन्हा एकदा दाखवला. जावयाच्या हातात बॅटरी दिली.

डोअरकीपर पुन्हा खिडकीत गेला. खरखरमामा आणि मी पहिली दोन तिकिटं काढायला उभे. खरखरमामाला अजून रुखरुख होती. जाळीतून वाकून म्हणाला, "एक सांगायचं राहिलं. ह्याच्यावर औषध नाही. पण वाढायचंही नाही, आहे तेवढंच राहणार."

आतल्या माणसाने चष्मा पुसला, पुन्हा घातला, डोक्यावरचा बल्ब एकदा बघून घेतला.

"मग झालं तर. दोन ना? पुढची देऊ की मागची? मागची घ्या साहेब. तुम्हाला काय, तुम्हाला दिसतं."